भीती नको, भीड असू दे

आजचं वचन : १ पेत्र ३:१५ (वचन १३ ते १७ एकत्र वाचा)



आजचं वचन तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. पेत्र म्हणतो की ख्रिस्ताला अंतःकरणात प्रभू म्हणून माना, आणि तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार राहा. युवक शिबिरांच्या बॅनरवर हे वचन हमखास असतं. गंमत अशी की बॅनरवर अर्धंच वचन मावतं. "तयार राहा" एवढं ठळक अक्षरांत येतं, आणि ते उत्तर कसं द्यायचं हे सांगणारा पुढचा भाग सुटून जातो. आज त्या सुटलेल्या भागापाशी थांबूया. सुवार्ता सांगायला धैर्य कुठून आणायचं, या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडतं.

आधी हे पत्र कुणाला लिहिलंय ते बघा. पहिल्याच ओळींत पत्ता दिलेला आहे: पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया. म्हणजे आजचा तुर्कस्तान. विखुरलेली, संख्येने किरकोळ माणसं. दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायात पेत्र ज्यांच्याशी थेट बोलतो त्यांच्यात घरगडी आहेत, गुलाम आहेत, आणि ज्यांचे नवरे विश्वासात नाहीत अशा बायका आहेत. यांच्यातल्या कुणाकडे माईक नव्हता, स्टेज नव्हतं. पुढे साधारण इ.स. ११२ च्या सुमारास याच बिथुनिया-पंत प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. तो लिहितो की पकडून आणलेल्यांना मी विचारतो, तू ख्रिस्ती आहेस का? शिक्षेची धमकी देऊन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारतो. जे ठाम राहतात त्यांना मृत्युदंड. नक्की भानगड काय आहे ते कळावं म्हणून त्याने मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करून चौकशी केली. त्या दोघींची नावंसुद्धा त्याने लिहिली नाहीत.

"कुणी विचारलं तर" या शब्दांना त्या प्रांतात किती वजन होतं ते यावरून समजतं. मूळ ग्रीकमध्ये उत्तरासाठी 'अपोलोगिया' हा शब्द आहे. तो कोर्टातल्या बचावासाठीही वापरला जायचा आणि साध्या बोलण्यातल्या खुलाशासाठीही.

आणि हे लिहितोय कोण? पेत्र! महायाजकाच्या वाड्यात, शेकोटीजवळ, एका दासीने विचारलं तेव्हा ज्याने "मी त्याला ओळखत नाही" म्हणून तीनदा हात झटकले, तोच. मत्तय २६:७३ मध्ये एक बारीक तपशील आहे. लोक त्याला म्हणतात की तुझ्या बोलीवरूनच कळतं तू कुठला ते. गालीलचा हेल लपत नाही. आम्हा वऱ्हाडी लोकांना हे पुण्यात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात समजतं. तोंडून एक "काऊन" निसटलं की झालं. तर ज्याची बोली त्याला उघडं पाडत होती आणि जीभ त्याला झाकत होती, त्या माणसाने म्हातारपणी लिहिलं की तयार राहा. हा सल्ला कधीच न घाबरलेल्या माणसाचा असता तर मी तो इतक्या सहज घेतला नसता.

आता तो सुटलेला भाग. उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि... इथे आपल्या मराठी पवित्र शास्त्रात एक सुंदर जुना शब्द आहे, 'भीडस्तपणा'. ग्रीक शब्द 'फोबोस', म्हणजे भय, आदर. मराठी भाषांतरकारांनी 'भीती' न लिहिता 'भीड' निवडली, आणि मला वाटतं त्यांनी आपलं काम सोपं करून ठेवलं. भीती असली की माणूस स्वतःला वाचवत बसतो. भीड असली की समोरच्याला जपतो. घाबरलेला माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर ओरडतो. दोन्हीमागे भीतीच असते. भीड असलेला माणूस बोलतो, पण समोर कोण आहे, त्याचं घर कुठलं, त्याला काय लागेल हे बघून बोलतो. आजी म्हणायची तशी म्हण आहेच, भीड भिकेची बहीण. म्हणजे फार भिडस्त राहिलं तर हातात काही येत नाही. खरंय. पण पेत्राने भीड एकटी ठेवलेलीच नाही. "तयार राहा" च्या शेजारी ठेवली आहे. दोन्ही एकत्र घ्यायच्या.

दुसरी गोष्ट, या वचनात प्रश्न आधी येतो. कुणीतरी विचारतं, मग आपण सांगतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हे पुश नोटिफिकेशन नाही, रिक्वेस्ट आल्यावर दिलेला रिस्पॉन्स आहे. सकाळी सहाला सोसायटीच्या सगळ्या ग्रुपवर एकच वचन फॉरवर्ड करणारे आपले बांधव (प्रेमाने म्हणतोय, रागावू नका) याला सुवार्ता म्हणतात. लोक त्याला म्यूट म्हणतात.

प्रश्नाची ताकद वऱ्हाडाला वेगळी सांगायला नको. ज्यांच्या नावाने आमचं अमरावती विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा कीर्तनात उपदेशाची गाडी सोडत नसत, लोकांना प्रश्न विचारत. एक प्रश्न, समोरून उत्तर, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. शेवटी माणूस स्वतःच्याच तोंडाने खरं बोलून बसायचा. आणि बोलण्याआधी हातात खराटा असायचा. गाव झाडलेलं असायचं, म्हणून लोक ऐकायला बसायचे. चारही शुभवर्तमानं उघडून बघा, प्रभू येशूदेखील किती वेळा उत्तराऐवजी प्रश्न करतो. "तुला काय पाहिजे?" हे तो एका आंधळ्या माणसाला विचारतो. उत्तर उघड आहे, तरी विचारतो.

मग कुणी आपल्याला विचारावं असं आपल्यात काही दिसतं का? ही पहिली पायरी, आणि ती फार छोटी आहे. सोमवारच्या स्टँडअपमध्ये टीममधले विचारतात, वीकेंडला काय केलं? कुणी ट्रेक, कुणी वेबसिरीज, कुणी गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावला गेलेला. शेगावला गेलेला मुलगा ते आनंदाने सांगतो, लाजत नाही. आपल्यातले बरेच जण मात्र म्हणतात, "काही नाही, आराम." चर्चला गेलो होतो, तीन शब्द. त्यात कुणाला काही विकायचं नाही, कुणाला खाली दाखवायचं नाही. मी टीममध्ये हे सरळ सांगतो, आणि नव्वद टक्के वेळा पुढे काहीच होत नाही. "अच्छा" म्हणून लोक पुढच्या टिकेटवर जातात. उरलेल्या दहा टक्क्यांत जेवणाच्या सुट्टीत एखादा शेजारी येऊन बसतो.

आता अवघड प्रश्न. आशेबद्दल विचारणारे कमीच भेटतात. इकडे जास्त ऐकू येणारा प्रश्न असा असतो: "तुमचे आधीचे कोण?" किंवा त्याहून थेट: "किती पैसे भेटले गा तुमच्या घरच्यायले?"

याचं उत्तर प्रत्येकाने आपापल्या घरचं शोधावं. मी माझ्या घरचं सांगतो.

१८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडात भयंकर होता. कापसाचा हा संपन्न मुलूख, आणि गावंच्या गावं अन्नासाठी रस्त्यावर. त्या काळात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम अकोल्यात होतं. मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे जोडपं तिथे होतं. जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या हालांवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. मिशनने अकोला, खामगाव या ठिकाणी दुष्काळातल्या अनाथ पोरांना आसरा दिला. माझी पणजी त्यांतली एक. चार-पाच वर्षांची असेल. आईवडील कोण, गाव कोणतं, जात कोणती, काहीच तिच्यासोबत आलं नाही. नाव दिलं मिशनच्या बाईंनी.

तेव्हा कुणी मला म्हणालं की तुमची माणसं भाकरीसाठी बाटली, तर मी चिडत नाही. मी म्हणतो, हो, भाकरी मिळाली. पाच वर्षांच्या उपाशी पोरीला भाकरी मिळाली याची मला अजिबात लाज नाही. ती देणाऱ्यांचे मी आभारच मानीन. त्याच दमात हेही म्हणतो की उपाशी माणसाला भाकरीसोबत धर्म देणं ही जोखमीची गोष्ट आहे, तो प्रश्न विचारणारा चुकीचं विचारत नाहीये. आश्रय देणाऱ्याच्या हातात फार सत्ता असते. त्या पोरीला निवड होती का? त्या वयात नव्हती. पण पुढे होती. ती मोठी झाली, लग्न झालं, मिशनच्या आवारातून बाहेर पडली, आणि शेवटपर्यंत रोज पहाटे चुलीपाशी गुडघे टेकायची. भाकरी केव्हाच पचून गेली होती. आणि मला तर कुणी भाकरीही दिलेली नाही, माझा पगार कंपनी देते. मी का विश्वास ठेवतो हे विचार ना भाऊ, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

पैशाच्या प्रश्नाबद्दल एक माहिती प्रत्येक तरुण ख्रिस्ती माणसाला असली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदू व्यक्तींसाठी होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो दर्जा आणि त्यासोबतच्या सवलती मिळत नाहीत. म्हणजे आपल्या कितीतरी कुटुंबांनी विश्वासापायी काही घेतलं नाही, उलट सोडलं. हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. टेबल आपटून सांगितलं की माहितीची किंमत जाते.

सेवेबद्दलही थोडं बोलतो, कारण आपण पटकन तिकडे वळतो. "आमच्या लोकांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या." परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे, तिथे झालेलं काम मोठंच आहे. पण अमरावतीत तपोवनही आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं. ते ख्रिस्ती नव्हते. तेव्हा सेवा हा आपला ट्रेडमार्क नाही, आणि वादात पत्त्यासारखी टाकायची गोष्ट तर नाहीच. कोठारा आणि तपोवन दोन्हींसाठी देवाचे आभार मानावेत. पेत्र आपल्याकडे कामाची यादी मागत नाही, आशेचं कारण मागतो. ते कारण म्हणजे मेलेल्यातून उठलेला येशू. याच पत्राच्या १:३ मध्ये त्याने ते लिहून ठेवलंय. दवाखाना बघून कुणाला ते आपोआप कळणार नाही. ते तोंडानेच सांगावं लागतं.

कसं सांगावं याचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. नागपुरात त्यांनी आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने काम केलं होतं, 'ऋषि' नावाचं मासिक चालवलं होतं. कवी, संस्कृतचे जाणकार, डोक्यात धर्माविषयी शंभर प्रश्न. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. त्याने सौजन्याने वागवलं, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, टिळकांचे विचार ऐकून घेतले. मग ख्रिस्ताविषयी बोलला, नव्या कराराची एक प्रत हातात दिली आणि आपल्या वाटेने गेला. टिळकांना त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे हा माणूस मराठी ख्रिस्ती भक्तिगीतांचा जणू बापच झाला, आणि तुकाराम सोडून ख्रिस्ताकडे आलो असं न म्हणता तुकारामाच्याच पुलावरून आलो असं सांगत राहिला.

त्या प्रवाशाने टिळकांना दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगितलं होतं म्हणतात. ते खरं ठरलं, तरी तो भाग मला रुचत नाही. अशी भाकितं आपण करू नयेत. मला भावतं ते बाकीचं: आधी ऐकणं, समोरच्याच्या विद्येचा मान ठेवणं, हातात पुस्तक देणं आणि उतरून जाणं.

आणि या गोष्टीची दुसरी बाजूही वाचा. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावंच. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्या बाईवर काय कोसळलं ते त्यांनी स्वतः लिहिलंय. काही वर्षं ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपलं सोवळं पाळत होत्या, आणि टिळकांनी ते मोडायची जबरदस्ती केली नाही. त्या स्वतःच्या विचाराने बदलल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विश्वासाची गोष्ट सांगताना समोरच्याच्या घरात काय काय हलणार आहे याची जाणीव नसेल तर ते धैर्य नव्हे, बेफिकिरी आहे.

तुमच्यापैकी काहींनी मला विचारलं होतं की आजच्या वातावरणात बोलणं कायद्याने चालतं का. राज्यघटनेचं कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. 'प्रसार' हा शब्द ठेवावा की नाही यावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत चांगलीच चर्चा झाली आणि तो राहिला. १९७७ मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. राज्यांचे कायदे वेगवेगळे असतात, शेजारच्या मध्य प्रदेशात १९६८ पासून असा कायदा आहे, त्यामुळे आपण जिथे राहतो तिथलं नीट माहीत करून घ्या. त्या निकालावर आपल्यातल्या जाणत्यांनी टीका केलेली आहे. माझं साधं म्हणणं असं की मन पालटणं हे काम आपलं कधी नव्हतंच. योहान १६:८ वाचा, ते पवित्र आत्म्याचं खातं आहे. आमिष, दबाव, आजाऱ्याला घातलेली भीती, हे कायद्याच्या आधी पेत्राच्याच कसोटीवर नापास होतं.

तयारी कशी करायची? मी अमरावतीहून महिन्यातून एकदा अकोल्याला जातो, तिथल्या तरुण मंडळींसोबत अभ्यासाला. बडनेऱ्याहून गाडी, मूर्तिजापूर गेलं की दीडेक तासात पोचतो. मागच्या अभ्यासात सगळ्यांना एक काम दिलं: तुमच्या आशेचं कारण पाच वाक्यांत लिहा, घरी बोलता त्या बोलीत. 'तारण', 'अभिषेक', 'समर्पण' हे शब्द न वापरता. पोरं अर्धा तास घाम पुसत होती. चर्चची मराठी आपल्याला इतकी सवयीची झालीये की तिच्याबाहेर आपण मुके होतो. एका मुलाने शेवटी लिहिलं, "मले वाटे मी एकटाच हाओ. आता नाही वाटत. येशू आहे माह्यासंग." मला विचाराल तर खोलीतलं सगळ्यात चांगलं उत्तर तेच होतं.

तिथेच एक मुलगी होती. शिकायला दुसऱ्या शहरात, खोली भाड्याची. ती म्हणाली, दादा, रूममेटने दोनदा विचारलंय की जेवायच्या आधी डोळे मिटून काय करतेस. मी विषय बदलला. घरमालकीणबाईंना कळलं तर खोली जाईल. ही भीती खोटी नाही. खोली खरंच जाते, मला अशी उदाहरणं माहीत आहेत. मी तिला म्हटलं की तू मालकीणबाईंना जाऊन जाहीर करावंस असं पेत्र म्हणत नाही, त्यांनी विचारलेलं नाही. रूममेटने विचारलंय. तिला काय सांगायचं, कधी सांगायचं, हे तू ठरव. खोली तुझी आहे, जोखीम तुझी आहे. मी इथून शूरपणा शिकवणं सोपं आहे. मग आम्ही सगळ्यांनी प्रेषितांची कृत्ये ४ काढलं. पेत्र आणि योहानाला धमक्या देऊन सोडलंय, मंडळी प्रार्थनेला बसली आहे, आणि ती धमकी थांबव असं मागत नाही, बोलायला धैर्य दे असं मागते. आम्हीही तिच्यासाठी तेच मागितलं, आणि खोलीसाठीही मागितलं.

पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. रूममेटने तिसऱ्यांदा विचारलं, आणि हिने सांगितलं: मी ख्रिस्ती आहे, जेवणाबद्दल देवाचे आभार मानते, आईचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मला हे फार खरं वाटतं. रूममेट म्हणाली, "बरं." मग चार्जर मागितला.

उद्याचं वाचन : प्रेषितांची कृत्ये ४:२३-३१